पावणेदोन इंचाचा टायर

आमच्या खोलीखाली पॉवर प्रेस होता. काळेवाडीतल्या त्या गल्लीत तळमजल्यावर कुणी राहत नसे. तिथे फक्त शटरं होती आणि शटरांच्या आत माणसं दिवसभर पत्र्याच्या बारीकसारीक वस्तू पाडत बसलेली असत. आमच्या खालचा प्रेस वॉशर पाडायचा. धप्प, मग पत्रा पुढे सरकल्याचा कर्र, मग पुन्हा धप्प. पाहुणे आले की पहिला दिवस कपाळ धरून बसत. आम्हाला मात्र तो आवाज ऐकूच यायचा नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिसऱ्या पाळीहून सकाळी येत आणि त्या धपधपाटात गाढ झोपत. दुपारी जेवणाच्या सुट्टीत प्रेस थांबला की दचकून उठून बसत आणि काय झालं म्हणून विचारत. काही नाही, प्रेस थांबलाय, असं सांगितलं की पुन्हा आडवे होत. चाकणच्या एका कंपनीत ते टूलरूमला टर्नर होते. मशीनचा आवाज चालू आहे तोवर सगळं ठीक आहे, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. लेथवर काम करताना टूल बोथट झालंय हे ते डोळे दुसरीकडे असतानाही आवाजावरून ओळखतात, असं त्यांच्या एका सोबत्याने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. मला त्याचं तेव्हा फारसं काही वाटलं नाही.

आई त्या काळात गावी होती. लातूरच्या बाजूचं आमचं गाव. आजोबांचं अर्धं अंग लुळं पडलं म्हणून ती महिनाभरासाठी गेली आणि तो महिना काही संपेना. ओळखीच्या एसटी ड्रायव्हरकडे ती येसराचा, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाचा, डबा, शेंगदाण्याची चटणी आणि फडक्यात बांधलेले धपाटे पाठवायची. धपाटे लगेच संपत, येसर पुरवून पुरवून वापरायचा. शाळेतून आले की मी येसराची आमटी करायची, भात लावायची, माझं जेवण उरकायची आणि अण्णांचं ताट झाकून ठेवायची. दुसऱ्या पाळीला ते असले की मी झोपल्यावर येत आणि मी शाळेला निघताना झोपलेले असत. तिसरी असली की सकाळी जिन्यात गाठ पडे, ते वर येत असत आणि मी खाली जात असे. जेवलीस का, दूध ठेवलंय, दार लावून घे, एवढ्यावर आमचे आठवडे निघत. एका खोलीत राहणारी आम्ही दोन माणसं, पण एकमेकांची खबर भांड्यांवरून कळायची. ताट घासून पालथं घातलेलं असलं म्हणजे अण्णा पोटभर जेवले. आता माझ्या घरात सगळे एकाच वेळी जेवायला बसतात, तरी मी एक ताट झाकून ठेवते. सवय जात नाही आणि मुलं हसतात. हसू देत.

घराला अण्णांनी कंपनीची शिस्त लावली होती. पाळी बदलताना मशीन सोडणारा माणूस पुढच्यासाठी सगळं जागच्या जागी मांडून जातो, तसं आमच्याकडे ओट्याचा उजवा कोपरा ही मांडून जायची जागा होती. किल्ली तिथे, फोन तिथे, शाळेत सही हवी असलेला कागद तिथे. आणि जे बिघडलं त्याला लाल टेप. कंपनीत मापात न बसलेल्या जॉबला, म्हणजे घडवलेल्या भागाला, लाल खूण करून बाजूला ठेवतात, त्याचं काय करायचं ते नंतर ठरतं, आणि खूण करताना कुणी कुणावर ओरडत नाही. गेलेला बल्ब, तुटलेली चप्पल, गळणारा नळ, सगळ्यांना आमच्याकडे लाल टेपचा तुकडा मिळायचा. एकदा गणितात मला फारच कमी मार्क पडले तेव्हा त्या पेपरला टेप लावून मी तो कोपऱ्यात ठेवला आणि निघून गेले. संध्याकाळी बघते तर पेपरवर सही होती आणि टेप सोलून काढलेली होती.

माझी सायकल भंगारातून आली. पिंपळे सौदागरच्या कुठल्याशा सोसायटीतल्या मुलाने टाकून दिलेली, वीस इंची चाकांची, बुटकी, ना गिअर ना मडगार्ड. अण्णांना वाटलं शाळेला जायला होईल. मी नववीत होते आणि हाडापेराने उंच. सीटवर बसले की गुडघे हँडलला लागत, त्यामुळे उभं राहूनच चालवावी लागे. मग एकदा त्याच पिंपळे सौदागरच्या बागेत, स्केटिंगसाठी बांधलेल्या सिमेंटच्या उतारांवर, काही मुलं अगदी तसल्याच सायकलींवरून हवेत उडताना दिसली आणि माझ्या सायकलीचं नाव मला कळलं. बीएमएक्स. त्या मुलांतला निनाद म्हणून एक जण बोलायला बरा होता. बाकीचे वाईट नव्हते, पण ते एकमेकांबरोबर येत, एकमेकांच्या बाटलीतलं पाणी पीत आणि एकमेकांबरोबर जात. मी एकटी यायची आणि एकटी जायची. पडले तर उठायचीही एकटीच, कारण मुलीला हात द्यावा की नाही हे त्यांना ठरवता यायचं नाही. ते ठरेपर्यंत मी उठून फ्रॉकची, म्हणजे शाळेच्या पिनोची, धूळ झटकलेली असे. त्या वर्षी मला सगळ्यात जास्त कशाने रडू आलं असेल तर त्यांच्या या घुटमळण्याने.

तरी मी शिकत गेले. बंद पडलेल्या एका शोरूमच्या पायऱ्यांवरून उतरायचं, पायरीच्या कडेवर घसरायचं. बागेतल्या सिमेंटवर वळायचं. आणि रविवारी निनादच्या ओळखीच्या छोट्या टेम्पोत सगळ्यांच्या सायकली टाकून चाकणजवळच्या निघोज्याला जायचं. तिथे कारखान्यासाठी सपाट केलेला एक प्लॉट नुसताच पडून होता आणि त्यावरच्या मुरमाच्या ढिगांना मुलांनी फावड्याने उड्या मारण्याजोगा आकार दिला होता. पायऱ्यांच्या कडेवर घसरायला चाकाच्या आसावर लावायचे लोखंडी खुंटे हवे होते. मी त्याचं चित्र काढून, मापं टाकून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं. अण्णांनी उरल्यासुरल्या लोखंडातून ते लेथवर करून आणले, इतके गुळगुळीत की मुलं हात फिरवून बघायची. ते कशासाठी आहेत हे अण्णांनी विचारलं नाही. मापं दिली होती ना, मग झालं.

अशातच आईचा फोन आला. पोरगी रात्र रात्र एकटी खोलीत राहते हे गावात कुणाला तरी टोचत होतं. दहावी गावच्या शाळेत करू दे, आजोबांकडेही हात लागेल, असं ती म्हणत होती. तिचं चुकत नव्हतं. पण गावात सिमेंटचे उतार नव्हते, मुरमाचे ढीग नव्हते, आणि मला तिथे जायचं नव्हतं. ही गंमत मला फार उशिरा कळली, की ज्या एकटेपणाने मी कावलेली होते तोच माझ्याकडे राहावा म्हणून मी भांडत होते. अण्णांनी दोन्हीकडचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या सायकलवर तू काय करलालीस ते एकदा बगतो. त्याच्यात काय हाय का, ते बगतो. मग ठरवू." येत्या रविवारी त्यांची तिसरी पाळी सकाळी सुटणार होती. कंपनीतून निघोजे जवळच, तिथून ते चालत येणार होते. माझं राहणं आता त्या एका सकाळवर होतं.

आणि माझे टायर पार गेलेले होते. मागचा मोठ्या खाचांचा, मातीत धरायचा पण सिमेंटवर घरघर करत सायकल मागे ओढायचा. पुढचा झिजून गुळगुळीत, सिमेंटवर झकास आणि मुरमावर घसरायचा. त्यात दोन्हीत हवा ठरत नसे. उडीवरून खाली आलं की टायर रिमपर्यंत दबायचा, ट्यूब मध्ये चिमटायची आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडायची. अण्णा झोपलेले असताना त्यांच्या फोनवर मी तासन् तास यावरचे व्हिडिओ बघितले, आवाज बंद करून. पायऱ्या, बाग आणि माती या तिन्हींना एकच टायर घ्यायचा तर तो रुंद हवा, बाजू जाड हवी, खाचा बारीक आणि दाटीने असलेल्या हव्यात, आणि मुख्य म्हणजे साध्या सायकलीच्या टायरपेक्षा दुप्पट हवा त्याला सोसली पाहिजे. हे सगळं मी कागदावर लिहिलं, खाली माप टाकलं, वीस गुणिले एक पॉइंट सात पाच, आणि कागद कोपऱ्यात ठेवला.

अण्णांनी ते काम कंपनीच्या कामासारखं घेतलं. झोप सोडून पुण्याला गेले, पेठेतली सायकलची दुकानं पालथी घातली आणि दोन टायर खांद्याला अडकवून आले. जाड बाजू, बारीक खाचा, सगळं बरोब्बर. टायरच्या बाजूवर माप उठवलं होतं, वीस गुणिले एक, पुढे तीन आणि खाली चार. मी ते बोटाने दाखवलं. अण्णा हसले. पावणेदोन म्हणजे एक पॉइंट सात पाचच की, म्हणाले, यात काय विचारायचं. ड्रॉइंगवर कुणी अपूर्णांकात लिहितं, कुणी दशांशात, टर्नरला दोन्ही सारखंच. खरं होतं. मी गणितात कच्ची असले तरी एवढं मलाही येत होतं. त्या दिवशी ते इतके खुशीत होते की जिना उतरताना टायर माझ्या गळ्यात हारासारखा घातला.

टायर रिमवर हाताने चढला, टायर चढवायचा लोखंडी चमचा लावावाच लागला नाही. "बग, कसा बसला," अण्णा म्हणाले. हातपंपाने एवढी हवा भरणं शक्य नव्हतं म्हणून आम्ही गल्लीच्या तोंडाशी अस्लमचाचांच्या पंक्चरच्या दुकानात गेलो. त्यांच्याकडे कॉम्प्रेसर होता. चाचा हवा भरताना दोनदा थांबले. ही सायकल आहे की ट्रक, असं त्यांनी विचारलं. अण्णांनी टायरवर छापलेला हवेचा आकडा दाखवला आणि भरा म्हणाले. मी चाक धरून बसले होते. टायरची एक बाजू रिमच्या वर फुगून आली, आतली ट्यूब जिभेसारखी बाहेर पडली, आणि अण्णांनी मला दंडाला धरून मागे खेचलं तेवढ्यात ती फुटली. कान बधिर झाले. गल्लीतली शटरं भराभर वर गेली, माणसं बाहेर आली, आणि आमच्या खोलीखालचा प्रेससुद्धा थांबला. दिवसाढवळ्या ती गल्ली एवढी गप्प झालेली मी आधी कधी पाहिली नव्हती.

 घरी येऊन अण्णांनी पट्टी काढली, रिम मोजली, टायर आतून मोजला, पुन्हा रिम मोजली. टायरचा व्यास चांगला सेंटिमीटरभर मोठा होता. "आकडा एकच हाय, माय," ते म्हणाले, "मग माप दुसरं कसं येतंय?" त्यांचा चेहरा मला बघवेना. आयुष्यभर ज्या गोष्टीवर हात ठेवून ते उभे होते तीच खालून सरकली होती, आणि तीही लेकीसमोर. टेपची गुंडाळी त्यांनी स्वतःच घेतली, दोन्ही टायरांना लाल तुकडे लावले आणि ते कोपऱ्यात ठेवले. मग झोपायचं सोडून कपडे घातले आणि मला म्हणाले, चल.

आम्ही दोघं बसने मिळून कुठे गेल्याला किती महिने झाले होते कोण जाणे. खिडकीशी मी, शेजारी अण्णा, आणि त्यांच्या मांडीवर ते दोन टायर. मला ती बस कुठे पोचूच नये असं वाटत होतं. दुकानदाराने लाल टेप बघितली, अण्णांकडून रिमचं माप ऐकलं आणि त्याला समजलं. आकडे सारखे दिसले तरी हे दोन वेगळे टायर आहेत, म्हणाला. अपूर्णांकातला जुन्या घडणीच्या रिमला, दशांशातला या रिमला, ती मापं म्हणून वाचायचीच नाहीत, नावं म्हणून वाचायची. अण्णांनी मान हलवली. त्यांना ते पटलेलं नव्हतं, शेवटपर्यंत पटलं नाही. म्हातारपणीसुद्धा ते या गोष्टीवर चिडत, कुणी ठरवलं हे, म्हणून विचारत. दुकानदार त्यांच्यासमोर एकेक टायर टाकू लागला तेव्हा ते मागे सरकले. "तिला विचारा," म्हणाले, "माप तिचं हाय." मी टायर दाबून बघितले, बाजू वाकवून बघितल्या, आकडे वाचले. मोठ्या खाचांचे नाकारले, गुळगुळीत नाकारले. शेवटी दोन काळे टायर निवडले, चौकोनी बारीक दाण्यांचे, भरपूर हवा सोसणारे. घरी ते रिमवर चढवताना चमचा लावावा लागला आणि माझ्या अंगठ्याची कातडी निघाली. अण्णा दुरून बघत होते. चाचांनी हवा भरली तेव्हा गल्लीतली माणसं लांब उभी राहिली. काही झालं नाही. अंगठ्याने दाबला तर टायर दगडासारखा लागत होता.

रविवारी निघोज्याला अण्णा आले तेव्हा ऊन चढलं होतं. कंपनीचा गणवेश, खांद्याला डब्याची पिशवी. मुलांशी काय बोलावं हे त्यांना कळेना आणि मुलांना त्यांच्याशी. निघोज्यातलेच एक आजोबा रोज म्हशी घेऊन तिथे यायचे, आमची गंमत बघायला थांबायचे. अण्णा त्यांच्याशेजारी मुरमाच्या ढिगाला पाठ टेकून बसले. मी लांब जाऊन वळले. पहिली उडी चुकलीच, पुढचं चाक आधी टेकलं आणि मी कशीबशी सावरले. पुन्हा मागे गेले. दुसऱ्या वेळी ढिगाच्या टोकावरून सायकल सुटली तेव्हा सगळं गप्प झालं, टायर, वारा, मुलं, सगळं. खाली आले ती उभी आले. मुलांनी पहिल्यांदाच माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, निनादने तर शिट्टी मारली. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांची मान एका बाजूला कलली होती आणि डोळे मिटलेले होते.

"तुजं वडील झोपलंत जणू," म्हशीवाले आजोबा हळू आवाजात म्हणाले. "व्हायचंच की गं. रात्रपाळी हाय न्हवं?"

मी सायकल आडवी टाकून अण्णांशेजारी जाऊन बसले. उठवावं असं मनात आलं, पण रात्रभर उभं राहून आलेल्या माणसाला कसं उठवणार? आणि उठवून काय सांगणार, की आता पुन्हा उडते, नीट बघा? मला पुन्हा उडताच आलं नसतं. मी पुढच्या टायरच्या दाण्यांतून मुरमाचे खडे काडीने काढत बसले. मुलं उड्या मारत होती, म्हशी चरत होत्या. गावाला जायची पिशवी कुठली घ्यायची याचा मी विचार करत होते. एका हाताच्या अंतरावर वडील बसलेले असताना माणसाला एवढं एकटं वाटू शकतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि नंतर मोठेपणी एकटी राहिले तेव्हाही तेवढं कधी वाटलं नाही.

परतताना टेम्पोत अण्णा डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले, घरी येऊन झोपले. संध्याकाळी प्रेस बंद होता, रविवार म्हणून. मी पोळ्या लाटत होते. अण्णा पाळीला निघायचे कपडे घालून आले आणि दाराशी लावलेल्या सायकलीजवळ उकिडवे बसले. मागच्या टायरवर त्यांनी अंगठा दाबला, मग पुढच्यावर.

"मातीत जाताना यातली हवा थोडी कमी करत जा," ते म्हणाले. "दुसऱ्या टायमाला दोन्ही चाकं संगट टेकली, पण मागचं टेकून परत उसळलं. पयल्या टायमाला तर पुढचंच आदी आपटलं तुजं."

लाटणं माझ्या हातातच राहिलं. "तुमी तर झोपला होता, अण्णा."

"झोप कुठली," ते म्हणाले. टायरवरचा अंगठा त्यांनी काढला नाही. "त्या दिवशी तो टायर फुटला ना तुज्या तोंडासमोर, तवापासून लई भ्या वाटतंय. डोळे उघडे ठेवून न्हाई बगवलं मला."

मग ते उठले, ओट्याच्या कोपऱ्यातून डबा उचलला, फोन माझ्यासाठी तिथेच ठेवला आणि आईला सांगितलंय म्हणाले, दहावी इथंच कर. खाली कंपनीच्या बसने हॉर्न दिला. जिन्यातून त्यांची पावलं उतरत गेली आणि घरी पुन्हा कुणी नव्हतं. मी व्हॉल्व्हची टोपी काढून थोडी थोडी हवा सोडत बसले. प्रेस नसलेल्या त्या शांततेत तेवढाच एक आवाज होता.

थोड्या वेळाने आईचा फोन आला. ती जरा नाराज होती, जरा उत्सुकही. एवढं काय केलंस सायकलवर, म्हणाली, आणि अण्णांनी नीट बघितलं का तरी?

"न्हाई," मी म्हणाले. "त्यांनी ऐकलं."